लांबच्या विमानप्रवासात सीट मागे करण्याची रीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईहून लंडनला जाताना, विमान वर गेल्यावर काही मिनिटांतच वडिलांच्या समोरच्या प्रवाशाने सीट पूर्ण मागे टाकली, जेवणाचे ट्रे आले तरी ती तशीच ठेवली, वडिलांनी ‘ही काय पद्धत झाली?’ असे म्हटल्यावर ‘मग बटण कशासाठी दिले आहे?’ असे उत्तर आले, आणि उरलेला प्रवास दोघांनीही धुमसत काढला. वडील सहा फुटांचे, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. आईंना कमरेचा त्रास, त्यामुळे सीट मागे केल्याशिवाय त्यांना फार वेळ बसवत नाही. येत्या उन्हाळ्यात पुन्हा तोच प्रवास आहे, तेव्हा मागच्या वेळी चूक कोणाची होती आणि या वेळी कसे वागावे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी नोकरीची बहुतेक वर्षे केबिन क्रूमध्ये काढली, शेवटी पर्यवेक्षक म्हणून काम केले आणि आता पुण्यात या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना शिकवते. हा वाद मी गॅलीच्या, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराच्या, पडद्याआडून आणि पडद्याबाहेर येऊनही इतका ऐकला आहे, की त्याचे दोन्ही पक्ष मला तोंडपाठ आहेत.

समोरच्या गृहस्थांना सीट मागे करण्याचा अधिकार होता. जेवण चालू असताना ती मागे ठेवण्याचा नव्हता. बहुतेक भांडणे या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे होतात. ज्याच्याकडे बटण आहे त्याला वाटते की आपला अधिकार विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत अखंड चालू आहे, आणि ज्याच्या गुडघ्यांवर सीटची पाठ येते त्याला वाटते की असा अधिकारच मुळात नसावा. आम्ही क्रूमधले लोक हा प्रश्न वेगळा मांडतो. सीट मागे जाणार, हे धरूनच चालायचे. केव्हा, किती आणि किती हळू, एवढेच ठरवायचे असते.

याआधी सीटची रचना थोडी समजून घेतली पाहिजे, कारण त्रास नेमका कुठे होतो हे कळले की मागणी नेमकी करता येते. एका सीटवरच्या ठरावीक बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतच्या अंतराला पिच म्हणतात. लांब पल्ल्याच्या विमानांच्या इकॉनॉमीत ते साधारण ३१ ते ३२ इंच असते, स्वस्त सेवेच्या लहान विमानांत २८-२९ इंचांपर्यंत उतरते, आणि यात पाठीची जाडीही मोजलेली असल्यामुळे गुडघ्यांच्या वाट्याला येणारी जागा त्याहून पुष्कळ कमी असते. पाठीचा सांधा खाली, बैठकीजवळ असतो. त्यामुळे पाठ मागे आली की तिचे वरचे टोक सर्वांत जास्त सरकते आणि गुडघ्यांजवळचा भाग त्यामानाने थोडाच. मध्यम उंचीच्या माणसाला जाच होतो तो डोळ्यांपुढे येणाऱ्या पडद्याचा आणि ट्रेवर वाकता न येण्याचा; पाय त्याचे बहुधा होते तिथेच राहतात. उंच माणसाचे गुडघे मात्र त्या सांध्याच्या वर असतात आणि पाठ खरोखरच त्यांच्यावर येऊन टेकते. तुमच्या वडिलांची तक्रार त्यामुळे नाजूकपणाची म्हणता येणार नाही. शस्त्रक्रिया झालेला गुडघा फार वेळ एकाच कोनात ठेवला की तो आखडतो, आणि समोर जागा नसेल तर तो कोन बदलताच येत नाही.

विमान कंपन्यांनी यातून वाट काढण्याचे प्रयत्न केले आहेत. रायनएअरसारख्या युरोपातल्या स्वस्त कंपन्यांच्या सीट मुळीच मागे जात नाहीत. डेल्टा या अमेरिकन कंपनीने २०१९ मध्ये आपल्या ए-३२० विमानांच्या इकॉनॉमीत पाठ ४ इंचांऐवजी २ इंचच मागे जाईल अशी व्यवस्था केली. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने काही काळ अशी सीट वापरली होती, जिचे बाहेरचे कवच जागचे हलत नसे आणि बसणाऱ्याची बैठकच आतल्या आत पुढे सरकून पाठ झुके. मागच्याची सोय उत्तम झाली, पण बसणाऱ्यांनी इतकी कुरकुर केली की कंपनीने ती सीट पुढे काढून टाकली. दोन-चार तासांच्या प्रवासात न हलणारी पाठ माणूस सोसून घेतो. नऊ-दहा तासांच्या रात्रीच्या प्रवासात ते जमत नाही. म्हणून लांब पल्ल्याच्या विमानांत बटण अजून टिकून आहे आणि त्याबरोबर हा वादही.

ती मधली चार इंच जागा नेमकी कोणाची, यावर अमेरिकेतल्या दोन कायद्याच्या प्राध्यापकांनी २०१४ मध्ये लोकांना एक मजेदार प्रश्न विचारला होता. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस असा सहा तासांचा प्रवास आहे. तुमची सीट मागे न करण्याचे किती पैसे घ्याल? सरासरी उत्तर ४१ डॉलर आले. मागच्याला विचारले, समोरची सीट सरळ राहावी म्हणून किती द्याल? उत्तर १८ डॉलर. मग नियम उलटा केला आणि जागा मागच्याची आहे असे गृहीत धरायला सांगितले, तेव्हा मागच्याने ती सोडण्याचे ३९ डॉलर मागितले आणि पुढचा १२ च डॉलर द्यायला तयार झाला. जागा ज्याची म्हणावी, त्याला ती दुपटीतिपटीने मोलाची वाटते. तुमच्या वडिलांच्या आणि त्या गृहस्थांच्या संभाषणात हेच झाले. दोघेही मालक म्हणून बोलले आणि दोन मालकांमध्ये विनंतीला जागा उरली नाही.

आपल्याकडे या गुंत्याला एक जुने उत्तर आहे आणि ते रेल्वेच्या डब्यात आहे. मधला बर्थ ज्याचा आहे त्याचा तो आहे, पण तो दिवसा उघडून ठेवता येत नाही, कारण खालच्याला मग ताठ बसता येत नाही. रेल्वे बोर्डाने २०१७ मध्ये झोपण्याची वेळ रात्री १० ते सकाळी ६ अशी ठरवून दिली. त्याआधी ती ९ ला सुरू होत असे. विमानात असे घड्याळ कोणी लावून दिलेले नाही, पण केबिनचे दिवे ते काम करतात, आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना तसेच शिकवते. जेवणाचे ट्रे उचलले गेले आणि दिवे मंद झाले की सीट मागे जाणे रास्त आहे आणि मागच्यानेही ते गृहीत धरावे. उतरण्यापूर्वी दिवे उजळून नाश्त्याच्या गाड्या निघाल्या की सीट पुन्हा सरळ व्हावी, आणि तीही कोणी खांद्याला हात लावण्याची वाट न पाहता. मधल्या काळात कोणी हळूच उठून नूडल्स किंवा चहा मागवला तर त्याच्यासाठी पुढच्याने सीट सरळ करावी अशी अपेक्षा मी धरत नाही. ती सवड ज्याची त्याने पाहावी. दिवसाच्या प्रवासात, जिथे बहुतेक लोक जागे असतात, तिथे अर्ध्यावर थांबणे पुरेसे असते. बटण म्हणजे सगळे किंवा काही नाही असे नसते, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. ते कुठेही सोडले की पाठ तिथेच थांबते.

उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळचा नियम मात्र शिष्टाचाराचा नाही, सुरक्षेचा आहे. प्रवासी विमानाला मान्यता देताना निम्मीच दारे उघडी आहेत असे धरून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे दाखवावे लागते, आणि मागे झुकलेली पाठ नेमकी त्या वेळी मागच्या रांगेची वाट अडवते. याच कारणामुळे आपत्कालीन दाराच्या पुढच्या रांगेतल्या सीट बहुधा मागे जात नाहीत. अगदी शेवटच्या रांगेतल्याही पुष्कळदा जात नाहीत, पण तिथे कारण साधे असते, मागे शौचालयाची किंवा गॅलीची भिंत असते. तिथे बसणाऱ्याची दया यावी, कारण पुढची सीट त्याच्या अंगावर येते आणि स्वतःला मात्र मागे सरता येत नाही. इतर रांगांत, समोरची पाठ मागे आली की आपलीही थोडी मागे घेतल्याने डोळ्यांपुढची जागा बरीचशी परत मिळते; गुडघ्यांची मात्र मिळत नाही.

आता मागे करण्याची कृती, कारण माझ्या मते निम्मे वैर तिथेच जन्माला येते. बटण दाबल्यावर आतली खीळ सुटते आणि पाठ केवळ आपल्या वजनाने मागे जाते. पाठीवर सगळा भार टाकून बटण दाबले की सीट धाडकन जाते, मागच्या ट्रेवरचा चहा सांडतो, आणि लॅपटॉप उघडा असेल तर त्याच्या पडद्याची वरची कड ट्रे दुमडून बसतो त्या खोबणीत अडकून पडदा तडकू शकतो. हे मी होताना पाहिले आहे आणि त्या नुकसानीची भरपाई कोणी करायची यावर झालेला वाद सीटच्या वादाहून लांबला होता. म्हणून आधी मान वळवून मागे पाहावे. ट्रे उघडा आहे का, त्यावर गरम काही आहे का, कोणी पुढे वाकून पिशवी धुंडाळत आहे का, मांडीवर मूल आहे का, एवढे दिसायला दोन क्षण लागतात. मग पाठ टेकायच्या आधी, अंग थोडे पुढे सावरून धरून बटण दाबावे आणि भार हळूहळू सोडावा. पाठ आवाज न करता खाली येते आणि मागच्याला आवरून घ्यायला वेळ मिळतो. ‘मी थोडी मागे घेतो/घेते’ एवढे म्हटले तर उत्तम. परवानगी मागायची गरज नाही, कळवणे पुरे. डेल्टाच्या मुख्याधिकाऱ्यांनी २०२० मध्ये आधी विचारावे असे जाहीरपणे म्हटले होते आणि त्यावर बरीच उलटसुलट चर्चाही झाली. माझा अनुभव असा की विचारले तर मागचा संकोचाने ‘हो’ म्हणतो आणि मग आतल्या आत कुढतो. कळवले तर तो अडचण असल्यास स्वतः सांगतो.

ज्याला त्रास होतो त्यानेही काही पथ्ये पाळायची असतात आणि याबद्दल कमी बोलले जाते. समोरच्या पडद्यावर चित्रपट निवडताना बोटाने ठोकण्याची गरज नसते, कारण तो प्रत्येक ठोका पुढच्याच्या डोक्यात बसतो. आपल्या ज्येष्ठांची एक सवय मला नेहमी दिसते. जागेवरून उठताना ते समोरच्या सीटचा माथा दोन्ही हातांनी धरून स्वतःला वर खेचतात, आणि गाढ झोपलेला माणूस दचकून जागा होतो. क्वचित त्याचे केसही हातात येतात. उठायला स्वतःच्या सीटच्या हातांचा आधार घ्यावा. समोरच्या खिशात पाण्याची बाटली, पुस्तक आणि चष्म्याची पेटी कोंबून ठेवली तर गुडघ्यांची जागा आपणच खातो. खिसा रिकामा ठेवला तर उंच माणसाला तेवढा आधार नक्की मिळतो. गुडघ्याने सीट ढकलून धरणे, म्हणजे ती मागे येऊच न देणे, हा तर उघड सामना आहे आणि त्यात कोणी जिंकत नाही. २००३ पासून ट्रेच्या दांड्यांवर अडकवून समोरची सीट रोखून धरणारे प्लास्टिकचे एक छोटे उपकरण बाजारात आले. ऑगस्ट २०१४ मध्ये नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात ते लावण्यावरून वाद होऊन प्रकरण पाणी फेकण्यापर्यंत गेले आणि विमान शिकागोला उतरवावे लागले. त्या दोघांनीही जास्त पैसे मोजून पायांना अधिक जागा असलेल्या सीट घेतल्या होत्या! अनेक कंपन्यांनी ते उपकरण वापरायला मनाई केली आहे. तुमच्या मनात ते मागवण्याचा विचार आला असेल तर तो सोडावा.

बोलायचे झाल्यास लवकर आणि नेमके बोलावे. तुमच्या वडिलांचे वाक्य ‘ही काय पद्धत झाली?’ हे होते, आणि त्याला उत्तर म्हणून माणूस स्वतःचा बचावच करणार. त्याऐवजी, ‘माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, जेवण होईपर्यंत सीट थोडी पुढे घ्याल का? नंतर खुशाल मागे घ्या,’ असे म्हटले असते तर बहुधा काम झाले असते, कारण यात कारण आहे, मुदत आहे आणि समोरच्याचा अधिकार मान्य केलेला आहे. ही तीन अंगे असलेली विनंती हिंदीत किंवा इंग्रजीतही करता येते, आणि ती नाकारणारा प्रवासी मला क्वचितच भेटला. आपल्या पुण्याच्या माणसांना मोजक्या शब्दांत टोला मारण्याची जी हौस असते, ती दुकानाबाहेरच्या पाटीवर शोभते; नऊ तास एकाच जागी बांधून बसलेल्या शेजाऱ्याबरोबर ती महागात पडते. विनंती एकदाच करावी. नकार आला तर दुसऱ्यांदा स्वतः न बोलता कॉल बटण दाबून क्रूला सांगावे.

क्रूला सांगणे म्हणजे चुगली करणे, अशी आपल्याकडे समजूत दिसते. ती चुकीची आहे. जेवणाच्या वेळी सीट सरळ करायला सांगणे हा क्रूच्या सेवेचा भागच असतो, आणि पुष्कळदा आम्ही ट्रे देता देताच ते करत जातो. एखादा प्रवासी झोपलेला असतो, कानांत काही घातलेले असते, त्याला जागे करण्याचा वाईटपणा क्रूने घ्यायचा असतो, मागच्याने नव्हे. जागा रिकाम्या असतील तर क्रू तुम्हाला हलवूही शकते, आणि ‘वडिलांना पाय लांब करता येत नाहीत’ हे कारण आमच्या दृष्टीने नुसत्या गैरसोयीपेक्षा वजनदार असते. एक मात्र ध्यानात ठेवावे. जेवणाच्या वेळेचा संकेत कंपनीच्या सेवेचा आहे, कायद्याचा नाही, त्यामुळे क्रू समजावते, सक्ती क्वचितच करते. आवाज चढला, शिवीगाळ झाली किंवा हात उठला की मात्र विषय सीटचा राहत नाही. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये बेशिस्त प्रवाशांसाठी तोंडी, शारीरिक आणि जिवाला धोका पोहोचवणारे अशा तीन पातळ्या ठरवल्या आणि प्रवासबंदीची तरतूद केली. तिथे आधी कोण चुकले होते, हे कोणी विचारत नाही.

मुंबईहून रात्री निघणाऱ्या विमानांबद्दल एक निरीक्षण सांगते, कारण ते पुण्याच्या प्रवाशांना विशेष लागू आहे. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून परदेशी सेवा मोजक्याच असल्यामुळे तुम्ही संध्याकाळी घरून निघता, द्रुतगती मार्गावरून मुंबईच्या सहार विमानतळावर पोहोचता, तीन तास आधीची हजेरी, मग रांगा, आणि मध्यरात्र उलटल्यावर विमानात बसता तेव्हा पाठ आधीच सात-आठ तास ताटकळलेली असते. त्यामुळे चाके उचलल्याबरोबर सीट मागे टाकण्याची ऊर्मी मी समजू शकते, आणि तुमच्या वडिलांच्या समोरचे गृहस्थही कदाचित याच अवस्थेत असतील. पण अशा विमानांत जेवणही वर गेल्यावर लगेचच सुरू होते. तेवढा अर्धा-पाऊण तास कळ काढली की पुढची सगळी रात्र आपली असते. ज्यांनी वाटेत फूड मॉलवर किंवा घरच्या डब्यावर जेवण उरकले आहे त्यांनी क्रूला ‘मला जेवण नको’ असे आधीच सांगावे. तरीही मागचा जेवत असतो, म्हणून सीट सरळच ठेवावी.

तुमच्या आईंनी सीट मागे करावी, निःसंकोच करावी. पाठ थोडी झुकली की कमरेच्या मणक्यांवरचा भार हलका होतो, आणि त्या बटणाचा याहून योग्य उपयोग दुसरा नाही. त्यांच्यासाठी खिडकीची सीट घ्यावी, म्हणजे उठणाऱ्या-बसणाऱ्यांचे धक्के लागणार नाहीत, कमरेमागे विमानातलीच छोटी उशी किंवा गुंडाळलेली शाल ठेवावी, आणि मागे कोण बसले आहे हे एकदा वळून पाहावे. जेवणानंतर तुम्ही स्वतः मागच्याला ‘आईंच्या कमरेला त्रास आहे, त्या आता सीट मागे घेत आहेत’ असे सांगितलेत तर त्यांना झोपही शांत लागेल.

वडिलांसाठी आपत्कालीन दाराची रांग मागू नये. तिथे बसणाऱ्याने वेळप्रसंगी दार उघडण्यास मदत करायची असते, त्यामुळे ज्येष्ठांना आणि हालचालीची अडचण असलेल्यांना क्रू तिथून उठवते, आणि मग उरलेली कुठलीही सीट पदरात पडते. भिंतीमागची पहिली रांग बरी, कारण पुढे कोणी नसते. पण तिथे ट्रे सीटच्या हातात बसवलेला असल्यामुळे सीटचा तो हात वर उचलता येत नाही, पायांशी पिशवी ठेवता येत नाही, आणि भिंतीवर तान्ह्या बाळांचे पाळणे लागतात, म्हणजे रात्रभर त्यांचे रडणे ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. प्रीमियम इकॉनॉमी परवडत असेल तर पिच ३८ इंचांच्या आसपास मिळते आणि प्रश्न जवळजवळ मिटतो. परवडत नसेल तर कुटुंबाने शेजारी-शेजारी बसण्याचा आग्रह सोडावा. वेब चेक-इन सुरू होताच किंवा तिकीट काढतानाच, आइलची, म्हणजे मधल्या वाटेकडची, एक सीट तुम्ही घ्या आणि तिच्या थेट मागची आइलची सीट वडिलांना द्या. वडिलांसमोरची सीट मग तुमचीच असेल, ती तुम्ही रात्रभर सरळ ठेवाल किंवा त्यांना विचारून दोन बोटे मागे घ्याल, आणि आइलमुळे त्यांना तो गुडघा बाहेरच्या बाजूला लांब करता येईल. फक्त जेवणाच्या गाड्या येताना पाय आत घ्यायला सांगा, कारण अंधारात त्या गाडीचे चाक पावलावरून गेले तर दुखापत मोठी होते. आईंना वडिलांच्याच रांगेत खिडकीजवळ बसवा. मधली सीट कोणा तिसऱ्याची असेल, तर त्याला तुमची पुढच्या रांगेतली आइलची सीट देऊ करू नका, नाहीतर वडिलांसमोर पुन्हा कोणीतरी अनोळखी येऊन बसेल.